बँकॉकमध्ये फक्त एक दिवस आहे, काय करू? (नेहमी विचारले जाणारे प्रश्न)

भाऊ मेलबर्नला असतो, त्यामुळे जाता-येता बँकॉकला थांबणं झालंय, एकदा नवऱ्यासोबत, एकदा सासू-सासऱ्यांना घेऊन, एकदा एकटी. तेव्हापासून ओळखीतलं कोणीही थायलंडचं तिकीट काढलं की मला मेसेज येतो, "अगं एकच दिवस आहे, काय काय होईल?" दरवेळी तेच टाइप करून बोटं दुखली म्हणून एकदाच सगळं इथे लिहून टाकतेय.

एका दिवसात बँकॉक बघून होतं का?

नाही होत. आणि तसा प्रयत्नही करू नका, कारण हे शहर अवाढव्य आहे आणि ट्रॅफिक आपल्या घोडबंदर रोडला लाजवेल असं आहे. सकाळी राजवाडा, दुपारी फ्लोटिंग मार्केट, संध्याकाळी मॉल, रात्री रूफटॉप असा प्लॅन बनवणारे लोक दिवसातले पाच तास टॅक्सीच्या मागच्या सीटवर काढतात आणि मग येऊन सांगतात की बँकॉकमध्ये काही खास नाही. मी सगळ्यांना एकच सांगते, चाओ फ्राया नदी धरा. राजवाडा, वाट फो आणि वाट अरुण ही देवळं, फुलबाजार, चायनाटाऊन हे सगळं नदीला लागून किंवा नदीपासून थोड्या अंतरावर आहे, एकमेकांपासून चालत किंवा बोटीने होतं, आणि जुनं शहर खरं तिथेच आहे. बाकीचं पुढच्या वेळी.

हॉल्ट किती तासांचा असला तर बाहेर पडावं?

आठ तासांपेक्षा कमी असेल तर मी तरी पडणार नाही. इमिग्रेशनची रांग, शहरात जायला तास, यायला तास, आणि फ्लाइटच्या तीन तास आधी परत, यात उरतंच काय. दहा-बारा तास असतील तर मस्त. मुंबईहून रात्रीची फ्लाइट घेतली तर चार-साडेचार तासांत पहाटे उतरता (घड्याळ दीड तास पुढे करायचं विसरू नका), आणि पूर्ण दिवस हातात मिळतो, झोप सोडून. मोठ्या बॅगा विमानतळावरच क्लोकरूमला टाका. बोटीत ट्रॉली बॅग घेऊन चढणारी माणसं मी बघितली आहेत, त्यांच्याकडे बघून कंडक्टर बाईंचा चेहरा कसा झाला तेही बघितलंय.

व्हिसा लागतो का?

जुलै २०२४ मध्ये भारतीय पासपोर्टवाल्यांना साठ दिवस व्हिसाशिवाय राहायची सोय सुरू झाली, पण हे नियम तिथलं सरकार सारखं मागेपुढे करत असतं, त्यामुळे तिकीट काढायच्या आधी वकिलातीच्या साइटवर एकदा बघाच. दुसरं म्हणजे मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत. हे सरकारी साइटवर फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली की समजा चुकीच्या जागी आलात.

विमानतळावरून शहरात कसं जायचं?

सुवर्णभूमीला उतरलात (नाव वाचलंत ना, सुवर्णभूमी, आत गेल्यावर समुद्रमंथनाचा भलामोठा देखावाही आहे, वासुकी, देव, दानव सगळे हजर) तर खाली तळघरात एअरपोर्ट रेल लिंक आहे. तिने मक्कासान स्टेशनला उतरायचं, तिथून चालत फेचबुरी मेट्रो स्टेशनला जायचं आणि ब्लू लाइन पकडून सरळ सनाम चाय, म्हणजे राजवाड्याजवळचं स्टेशन. मेट्रोत मध्ये गाडी बदलायची गरज नाही. मेट्रोच्या गेटवर आपलं टॅप करायचं व्हिसा किंवा मास्टरकार्ड चालतं, फक्त इंटरनॅशनल वापर बँकेच्या ॲपमध्ये आधी चालू करून ठेवा, मी एकदा गेटसमोर उभी राहून ओटीपीची वाट बघत होते आणि मागे ऑफिसला निघालेले पन्नास लोक शांतपणे माझ्याकडे बघत होते, कोणी एक शब्द बोललं नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. आणि हो, सनाम चाय स्टेशन स्वतःच बघण्यासारखं आहे, खांब, छत, सोनेरी नक्षी, जुन्या दरबारासारखं केलंय.

डॉन मुआंग या दुसऱ्या विमानतळावर उतरलात, म्हणजे बहुतेक स्वस्तातल्या एअरलाइन, तर तिथून रेड लाइन ट्रेन आहे, पुढे बांग सूला मेट्रो मिळते.

टॅक्सी करायचीच असेल तर मीटर ३५ बाथपासून (बाथ म्हणजे तिथलं चलन) सुरू होतो, विमानतळाचा सरचार्ज आणि टोल वेगळा. मीटर नको म्हणाला तर दुसरी बघा.

एवढ्या सकाळी काय उघडं असतं?

फुलबाजार! पाक ख्लोंग तलात. चोवीस तास चालू असतो आणि सनाम चाय स्टेशनातून बाहेर पडलं की जवळच आहे. गाइडबुकवाले याला दोन ओळीत उडवतात पण माझ्या मते दिवसाची सुरुवात इथूनच करावी. दादरचा फुलबाजार ज्यांना माहीत आहे त्यांना पहिल्यांदा वाटेल आपण घरीच आलोय, झेंडूचे ढीग, मोगऱ्याचा वास, पाण्याने ओले रस्ते, हातगाड्या अंगावर येतायत. मग फरक दिसायला लागतो. मोगऱ्याच्या कळ्या हारात इतक्या घट्ट आणि एकसारख्या ओवलेल्या असतात की आधी प्लास्टिकच्या वाटतात. सासूबाई एका कमळवालीसमोर थांबल्या त्या थांबल्याच. ती बाई न उमललेली कमळाची कळी घ्यायची, बाहेरची एकेक पाकळी अंगठ्याने आत दुमडायची, त्रिकोणी घडी, परत त्रिकोणी घडी, अर्ध्या मिनिटात हिरव्या कळीचं गुलाबी फूल. सासूबाईंनी हात पुढे केला, तिने एक कळी दिली, पहिली पाकळी फाटली, दोघी हसल्या. दुसरी जमली. एकीला मराठी आणि दुसरीला थाई सोडून काही येत नव्हतं, पण वीस मिनिटं गप्पा चालू होत्या. तेच फूल मग त्यांनी वाट फोला वाहिलं.

राजवाड्याचं तिकीट ५०० बाथ आहे, वर्थ आहे का?

आपल्याला आहे. राजवाडा १७८२ चा, पहिल्या रामाने राजधानी इथे आणली तेव्हाचा. हो, इथले राजे राम पहिला, राम दुसरा असेच मोजतात, सध्याचे दहावे. साडेआठला उघडतो आणि साडेतीनला तिकीट बंद, त्यामुळे फुलबाजारातून चालत या आणि उघडल्या उघडल्या आत घुसा, दहानंतर तिथे टूर बसची जत्रा असते.

आत पाचूचा बुद्ध आहे. नाव पाचूचा पण मूर्ती हिरव्या जेडची, आणि उंची फक्त ६६ सेंटीमीटर, इतक्या उंचावर ठेवलीय की पहिल्यांदा सापडतच नाही. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे त्याचे तीन पोशाख आहेत आणि ऋतू बदलला की राजा स्वतः बदलतो. पंढरपूर-तुळजापूर पाहिलेल्या माणसाला देवाचा पोशाख बदलणं नवीन नाही, पण ते राजाच्या हाताने म्हणजे जरा भारीच. आत फोटो काढायचा नाही.

पण खरा माल देवळाच्या भोवतीच्या ओवऱ्यांत आहे आणि तिथे लोक थांबत नाहीत. भिंतीवर अख्खं रामायण रंगवलंय, १७८ चित्रं, त्यांच्याकडे त्याला रामकियन म्हणतात. रावण म्हणजे थोत्सकान, दशकंठ, रंगाने हिरवा. हनुमान पांढराशुभ्र, आणि हे सासऱ्यांना अजिबात पटलं नाही पण त्यांच्या रामायणात हनुमान ब्रह्मचारी नाहीये, चांगला रसिक आहे, मत्स्यकन्येच्या मागे लागतो. एका चित्रात तो आपल्या अंगाचा पूल करून सैन्याला पलीकडे नेतोय. सासरे चष्मा वर करून एकेका चौकटीत कोण कोण ओळखत बसले, "हा बिभीषण असणार, हा कुंभकर्ण", आणि आम्हाला तिथेच दीड तास लागला. प्लॅनमध्ये अर्धा तास धरला होता.

शॉर्ट्स चालतील का?

राजवाड्यात नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले पाहिजेत, बायका-पुरुष दोघांनाही, आणि गेटवर खरंच अडवतात. वरून ओढणी घेतली की झालं असं वाटत असेल तर तेही चालत नाही. सुती कुर्ता आणि सैल पँट, विषय संपला. चपला अशा घाला की पटकन काढता येतील कारण दिवसभरात दहा वेळा काढायच्या आहेत.

रस्त्यात एक माणूस म्हणाला राजवाडा आज बंद आहे, खरं का?

खोटं. शंभर टक्के खोटं. आणि हे मी अनुभवाने सांगतेय. पहिल्या ट्रिपला इस्त्रीचा शर्ट घातलेला, गळ्यात कसलंतरी कार्ड अडकवलेला एक गृहस्थ भेटला, अतिशय नम्र, म्हणाला आज सकाळी धार्मिक कार्यक्रम आहे, एक वाजता उघडेल, तोपर्यंत माझ्या ओळखीचा टुकटुकवाला (टुकटुक म्हणजे तिथली रिक्षा) तुम्हाला तीन देवळं दाखवेल, फक्त २० बाथ. नवरा खूश, एवढं स्वस्त! देऊळ एकच दाखवलं आणि मग एका रत्नांच्या दुकानात नेलं, तिथून एका शिंप्याकडे, तिथून आणखी एका दुकानात, प्रत्येक ठिकाणी थंड पाणी आणि गोड बोलणं. आम्ही काही घेतलं नाही तेव्हा टुकटुकवाला आम्हाला भर उन्हात कुठल्यातरी गल्लीच्या तोंडाशी सोडून निघून गेला. पैसे फार गेले नाहीत, पण सकाळ गेली, आणि एका दिवसाच्या ट्रिपमध्ये सकाळ जाणं म्हणजे काय ते तुम्हीच बघा. बंद आहे की चालू ते फक्त गेटवर जाऊन बघायचं.

टुकटुकमध्ये बसायची हौस असेल तर संध्याकाळी चायनाटाऊनमध्ये भागवा, भाव आधी ठरवून.

वाट फो आणि वाट अरुण दोन्ही करायचं की एक?

दोन्ही, कारण मध्ये फक्त नदी आहे. (वाट म्हणजे देऊळ. सासरे दिवसभर "अजून किती वाट लावणार" म्हणत होते.) वाट फोमध्ये झोपलेला बुद्ध आहे, ४६ मीटर लांब, १५ मीटर उंच, हॉलमध्ये तो असा काही कोंबून बसवलाय की पूर्ण एका नजरेत दिसतच नाही, खांबांच्या मधून तुकड्या-तुकड्याने बघायचा. तळपायावर शिंपल्याच्या कामात १०८ शुभचिन्हं आहेत. मागच्या बाजूला भिंतीला लागून १०८ पितळी-काशाची भांडी ओळीने ठेवलीत, वाटीभर सुटी नाणी विकत घ्यायची आणि एकेक टाकत जायचं. सगळ्या हॉलभर टिंग टिंग टिंग आवाज चालू असतो. माझी नाणी कधीच १०८ पुरत नाहीत, मोजण्यात चूक कोणाची ते देव जाणे.

तिथेच थाई मसाजची जुनी प्रसिद्ध शाळा आहे, पाय दुखायला लागले असतील तर तासभर तिथे घालवा. बाहेरच्यापेक्षा थोडं महाग, पण मसाज म्हणजे गोंजारणं नाही हे लक्षात ठेवा, कोपर, गुडघा सगळं वापरतात.

मग था तिएन धक्क्यावरून पाच बाथची फेरीबोट, दोन-तीन मिनिटांत पलीकडे वाट अरुण. अरुण म्हणजे आपलाच अरुण, पहाटेचा. लांबून दगडी वाटतं, जवळ गेल्यावर कळतं की सगळा मनोरा चिनी मातीच्या बशा-वाट्यांच्या तुकड्यांनी मढवलाय, फुटक्या कपबशीचं फूल, त्याला हिरव्या तुकड्याचं पान. दारात दोन राक्षस उभे, त्यातला हिरवा परत थोत्सकान. पायऱ्या भलत्याच उभ्या आहेत, उतरताना रेलिंग धरा.

वाट फोचं तिकीट ३०० आणि वाट अरुणचं २०० होतं मी शेवटची गेले तेव्हा.

आम्ही शुद्ध शाकाहारी, उपाशी राहू का?

नाही राहणार, पण बेसावध राहिलात तर मासे खाल. भाजीत पण फिश सॉस घालतात, त्याला नाम प्ला म्हणतात. "व्हेज?" विचारलं की समोरचा "येस येस" म्हणतो कारण त्याच्या लेखी मटण नाही म्हणजे व्हेज. करीच्या वाटणात कोळंबीची पेस्ट असते, पपईच्या सॅलडमध्ये सुकी कोळंबी. तर शब्द लक्षात ठेवायचा "जे". हॉटेलवर पिवळा झेंडा आणि त्यावर लाल अक्षर दिसलं, १७ आकड्यासारखं काहीतरी, की ते जे जेवण. यात मांस-मासे तर नाहीतच, अंडं, दूध, कांदा-लसूण पण नाही, म्हणजे जैन मंडळींची बरीचशी सोय झाली. बऱ्याचदा आपल्या नवरात्राच्या आसपास त्यांचे नऊ दिवसांचे जे उपवास असतात, तेव्हा चायनाटाऊन अख्खं पिवळं होतं आणि शाकाहाऱ्यांनी जावं तर तेव्हाच.

एरवी "माय साय नाम प्ला" म्हणजे फिश सॉस घालू नका, हे मोबाइलमध्ये थाई लिपीत सेव्ह करून दाखवा, कारण आपण बोललो की सूर चुकतो आणि अर्थ भलताच होतो.

अगदीच वैताग आला तर फाहुरात आहे, सॅम योत मेट्रोजवळचा लिटल इंडिया, मोठा गुरुद्वारा, कापड बाजार, पराठे, चहा सगळं. प्रातुनाम भागातही इंडियन हॉटेलं भरपूर. पण एका दिवसासाठी येऊन पनीर बटर मसाला खाऊ नका हो. मँगो स्टिकी राइस खा, नारळाच्या करवंटीतलं आइस्क्रीम खा. त्यांचा आंबा हापूससमोर काही नाही हे मान्य, पण तो चिकट भात, वर नारळाचं खारट-गोड दूध, त्यासोबत छान लागतो.

दुपारचं ऊन सहन होत नाही म्हणतात?

खरं आहे. कोकणातला मे महिना डोळ्यासमोर आणा. मार्च-एप्रिलमध्ये तर विचारू नका. बारा ते तीन बाहेर फिरायचं नाही, मसाज, जेवण किंवा बोट. था तिएनवरून केशरी झेंड्याची एक्सप्रेस बोट पकडा, सोळा-एक बाथ, टुरिस्ट बोट वेगळी आणि महाग असते. वारा मस्त लागतो, नदीकाठची घरं, देवळं, चर्च, पंचतारांकित हॉटेलं सगळं एका तिकिटात. साधू लोकांसाठी जागा राखीव असते तिथे बसू नका, आणि बायकांनी त्यांना चुकूनही धक्का लागू देऊ नका.

वेळ असेल तर ख्लोंग सेन सेप या नाल्यातली बोट एकदा अनुभवा. हो, नालाच म्हणते मी, वास येतो. कंडक्टर डोक्याला हेल्मेट घालून बोटीच्या बाहेरच्या कडेवरून चालत पैसे गोळा करतो, समोरून दुसरी बोट आली की कडेला बसलेले लोक दोरी ओढून प्लास्टिकचा पडदा वर करतात. कडेला बसलात तर दोरी तुमच्या हातात, आणि उशीर केलात तर अख्खी रांग तुमच्याकडे बघेल.

संध्याकाळी कुठे?

चायनाटाऊन, यावारात रोड. बोटीने रात्चावोंग धक्का किंवा मेट्रोने वाट मंगकोन. पण पाचच्या आत पोचलात तर आधी वाट त्रायमित बघा. तिथला बुद्ध साडेपाच टन सोन्याचा आहे, आणि गंमत म्हणजे कित्येक वर्षं कोणाला पत्ताच नव्हता, वरून चुन्याचा गिलावा दिलेला होता. १९५५ मध्ये नवीन जागी हलवताना मूर्ती पडली, गिलावा फुटला आणि आतून सोनं! एवढ्या वर्षांत किती जणांनी "हा काय साधा चुन्याचा" म्हणून पुढे पाय काढला असेल.

अंधार पडला की यावारातवर लाल-पिवळ्या पाट्या पेटतात, फूटपाथवर टेबलं लागतात, कढया पेटतात. शाकाहाऱ्यांना भाजलेले चेस्टनट, डाळिंबाचा रस, फळं, गोड पदार्थ एवढं नक्की. सोमवारी बऱ्याच खाण्याच्या गाड्या बंद असतात, वार बघून जा.

शॉपिंग?

एका दिवसात नको. वार शनिवार-रविवार असेल आणि देवळांचा कंटाळा असेल तर चातुचाकचा बाजार, पण मग तो अख्खा दिवस चातुचाकचाच. बाकी सेव्हन-इलेव्हन दुकानांमधून मसाले, सुका मेवा, बाम. झालं.

भाषेचं काय?

हसरा चेहरा आणि ट्रान्सलेट ॲप. पण कान उघडे ठेवा, मजा येते. वेळेला वेला, जेवणाला आहान म्हणजे आहार, भाषेला फासा, शिक्षकाला ख्रू म्हणजे गुरू, स्टेशनला सथानी. शहराचं खरं नाव क्रुंग थेप, आणि पूर्ण नाव तर एवढं लांब आहे की त्यात महानगर, अमर, रत्न, राजधानी, महास्थान, अवतार, विश्वकर्मा सगळे येऊन जातात, सत्यनारायणाच्या संकल्पासारखं वाटतं. नमस्कार म्हणजे सवात्दी, म्हणजे स्वस्ति. बायका शेवटी "खा" लावतात, पुरुष "ख्रप". दुकानात शिरलं की सगळ्या मुली एका सुरात "सवात्दी खाऽऽ", सासरे म्हणाले, "अरे आत्ताच तर जेवलो, किती खा खा करतायत."

राजघराण्याबद्दल चेष्टा-मस्करी करू नका, कायदा कडक आहे. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला स्टेशनवर, बागेत राष्ट्रगीत लागतं तेव्हा चालतंबोलतं सगळं थांबतं, तुम्हीही थांबा. आणि ई-सिगारेट नेऊ नका, बंदी आहे.

पैसे किती लागतात?

तीन तिकिटांचे हजार बाथ, प्रवास दोनशे-अडीचशे, खाणं चार-पाचशे, मसाज तीनशेच्या पुढे. माणशी दोन हजार बाथ धरा, आपले साडेपाच हजारांच्या आसपास. एटीएमवाले परदेशी कार्डाला प्रत्येक वेळी दोनशेच्या वर बाथ कापतात, त्यामुळे थोडे थोडे काढू नका.

म्हातारी माणसं, लहान मुलं सोबत असतील तर?

राजवाडा, वाट फो, बोट, एवढंच ठेवा. वाट अरुणच्या पायऱ्या खालूनच बघा. संध्याकाळी चायनाटाऊनच्या गर्दीऐवजी लुंफिनी पार्क, तिथे तळ्याकाठी माणसाएवढ्या लांब घोरपडी निवांत फिरत असतात. मुलं खूश होतात. आमच्याकडे सासरे जास्त खूश झाले, बाकावर बसून शेजारच्या अनोळखी जपानी जोडप्याला खाणाखुणांनी तानाजीची आणि कोंढाण्याची गोष्ट सांगत होते, दोर, कडा, सगळं.

पाऊस आला तर? आणि परत कधी निघायचं?

मे ते ऑक्टोबर पावसाचे, पण बहुतेक वेळा दुपारनंतर कोसळतो आणि तासाभरात उघडतो. तेवढा वेळ कुठेतरी छपराखाली बसा, सेव्हन-इलेव्हनमध्ये रेनकोट मिळतो. परत जाताना मात्र पाऊस असेल तर टॅक्सीचं नावही काढू नका, मेट्रो आणि रेल लिंक. संध्याकाळी पाच ते आठ रस्ते तुंबलेले असतात, वर पाऊस असला तर मीटर पळतो आणि गाडी जागेवर. आम्ही एकदा त्यात अडकलो, चेक-इन बंद व्हायला अकरा मिनिटं राहिली असताना काउंटरला पोचलो, सासूबाईंच्या हातात तेव्हाही दुमडलेलं एक कमळ होतं, सिक्युरिटीवाल्या मुलीने ते ट्रेमध्ये वेगळं ठेवलं आणि पलीकडे हात जोडून परत दिलं.